सेवाग्राम ते पवनार, शेतातून पायी: त्या पांदणीबद्दल आधी वाचा

‘सपाट रस्ता, पक्की पांदण, दीड तासात पवनार.’ निघण्याआधी ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. यातलं सपाट तेवढं खरं. पांदण, म्हणजे शेतातली गाडीवाट, पक्की नाही. दीड तासात पवनार होतं ते एप्रिल-मे महिन्यात, जमीन वाळून भेगा पडल्यावर. थंडीत, सकाळी, शेताशेतातून जायचं असेल तर अडीच तास धरा, आणि निघण्याआधी एकच गोष्ट विचारा: या आठवड्यात शेतातली लाइन, म्हणजे पंपाची वीज, दिवसाची आहे की रात्रीची? हे का विचारायचं ते खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण आम्हाला ते कोणीच सांगितलं नव्हतं.

लिहिताना पोटऱ्या अजून ठणकताहेत. सूर तिखट लागला तर लागू द्या, मजकूर बरोबर आहे.

रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्यासाठीच हे लिहिते आहे, त्यामुळे दम, पाण्याची बाटली, कानटोपी यांवर शब्द खर्च करत नाही. शेतातून आठ-नऊ किलोमीटरचं अंतर आहे. सेवाग्रामच्या वस्तीतून बाहेर पडायचं, थोडा डांबरी रस्ता, मग पांदण, मग नागपूर-मुंबई रेल्वेची लाइन ओलांडायची, आणि शेवटी नागपूर-तुळजापूर महामार्गाला लागून धाम नदीवर विनोबांच्या आश्रमाचं पवनार. चढ नाही, उतार नाही, वाट चुकायची फारशी भीती नाही. ज्या दीड किलोमीटरने आमचा जीव घेतला तो या सगळ्याच्या बरोबर मधे आहे, म्हणजे तिथून मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच पडतं.

कपडे अंगावरून काढता येतील असे थरांचे घाला. विदर्भ म्हटलं की लोकांना फक्त ऊन आठवतं, पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. उघड्या शेतात, धुईत (धुक्यात), ओलिताच्या वाफ्यांजवळ शहरापेक्षा जास्तच गारठा जाणवतो. नऊनंतर त्याच स्वेटरचं ओझं होतं.

आम्ही दोघी होतो, मी आणि माझी जाऊ. दवाखान्याजवळच्या टपरीवर चहा घेतला आणि सहाच्या सुमाराला निघालो. या दिवसांत सूर्य पावणेसातच्या पुढेमागे उगवतो. पहिला तास छान गेला, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. डांबरी रस्ता, दोन्हीकडे पऱ्हाटी आणि तूर, तारेवर बसलेला नीलपंख. वर्धेकरांनी मतदान करून याला आपला शहरपक्षी केलं आहे आणि निवड योग्य आहे. उडाला की पंखांचा निळा रंग धुईतसुद्धा लपत नाही.

एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चार-पाच बाया शेकोटी करून बसल्या होत्या. कापूस वेचायला आलेल्या, पण वेचायला सुरुवात नाही. मी फुटलेल्या एका बोंडाला हात लावला. पांढरा कापूस दवाने चिंबलेला, बोटांना बर्फगार लागत होता, आतली सरकी दाबली की कळत होती आणि वाळलेल्या पाकळीचं टोक नखात टोचत होतं. त्यातली एक म्हणाली, “वल्ला कापूस वेचला तं मालक बोलते जी. ऊन पडू द्या, मंग लागतो.” मालकाचंही खरं आहे. सरकारी खरेदीत कापसात ८ ते १२ टक्के ओलावा चालतो, १२ च्या वर गेला की माल परत करतात. दुसरी तुरीकडे बघत होती. “धुई अशीच राह्यली तं तुरीचा फुलोरा झडते,” एवढंच म्हणाली. आपल्याला धुई फोटोत सुंदर दिसते, तिच्या घरची तुरीची डाळ त्याच धुईवर अवलंबून असते. म्हणून सांगते, रस्त्यात भेटणाऱ्याशी हवामानाचं कौतुक करू नका, आणि बोंडं तोडून घरी सजावटीला नेऊ नका. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. आपण खिशात घातलेलं बोंडही कुणाच्या तरी मोजणीतलं असतं.

आता पांदण.

ज्यांना हा शब्द फक्त सातबाराच्या भांडणात ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी: पांदण म्हणजे गावातून शेतांकडे जाणारी बैलबंडीची जुनी वाट. गावनकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते. पायवाट एका तुटक रेषेने, सव्वाआठ फुटांची. आम्ही ज्या पांदणीत शिरलो ती नकाशातल्या हिशेबाने गाडीमार्ग. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. दोन्हीकडच्या धुऱ्यांनी दरवर्षी वीतभर पुढे सरकत तिला खाल्लं आहे, आणि उरलेल्या जागेत बाभळी आहेत.

तोंडाशी फलक आहे. काम पूर्ण झाल्याचा, रक्कम लिहिलेला. फलकापासून दोनेकशे पावलं खरोखर मुरूम टाकून दाबलेला आहे, त्यावर मोटरसायकलसुद्धा जाईल. ज्यांनी आम्हाला ‘पक्की पांदण’ म्हणून सांगितलं, ते एवढाच तुकडा बघून परत गेले असणार, माझी खात्री आहे. एका वळणापलीकडे मुरूम संपतो. तिथून पुढे काळी माती, ट्रॅक्टरच्या दोन खोल चाकोऱ्या, आणि त्या चाकोऱ्यांत पाणी.

पाऊस ऑक्टोबरातच गेला, मग डिसेंबरात पाणी आलं कुठून? हाच प्रश्न आम्हाला पडला आणि त्याचं उत्तर डोक्यावर मफलर गुंडाळलेल्या, खांद्यावर फावडं घेतलेल्या एका काकाजींनी दिलं. ते रात्रभर ओलीत करून घरी चालले होते. डोळे लाल, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

“तिकून जासान तं फसान बाई. रातभर पाणी चालू होतं.”

“रात्री का काकाजी? एवढ्या थंडीत?”

“लाइन रातच्याले देते, मंग रातच्यालेच ओलवा लागते. आमाले का हौस हाय का जी?”

शेतीपंपाला थ्री फेजची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. ज्या दिवसांत ती रात्री असते त्या दिवसांत आख्खा शिवार रात्री भिजतो. हरभरा, गहू, सगळं. आणि माणूस रात्री, बॅटरीच्या उजेडात, थंडीने काकडत, रानडुकराच्या आणि सापाच्या भीतीत पाइप बदलत असतो. दिवसा वीज द्या ही मागणी विदर्भातले शेतकरी किती वर्षं करताहेत, त्या मागणीचा अर्थ मला त्या पांदणीत उभं राहून कळला तेवढा बातम्या वाचून कधी कळला नव्हता.

तर रात्रीच्या ओलिताचं जास्तीचं पाणी सगळ्यात खोलगट जागेत येतं, आणि शिवारातली सगळ्यात खोलगट जागा म्हणजे वर्षानुवर्षं चाकांनी घासलेली पांदण. शिवाय स्प्रिंकलर. हरभऱ्याला तुषार लावलेले असतात आणि कडेची नोझलं पांदणीच्या अर्ध्यापर्यंत पाणी फेकतात. टक-टक-टक असा आवाज येतो, मग तो फवारा फिरत फिरत आपल्याकडे येतो. पाइपाच्या प्रत्येक जोडातून गळती वेगळीच. सातच्या थंडीत डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत भिजलो दोघी. नोझल कोणत्या बाजूला फिरतंय ते थांबून बघा, ते पलीकडे वळलं की झपझप निघा. चिखलात झपझप निघता येत नाही ही अडचण आहेच, म्हणून पातळ रेनकोट किंवा निदान मोठी प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेवा. पावसाळा संपला म्हणून रेनकोट माळ्यावर टाकला असेल तर काढा.

काळ्या मातीचा चिखल कोकणातल्या किंवा पुण्याकडच्या चिखलासारखा नाही. तिकडच्या वाचकांनी हे नीट वाचावं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सोडत नाही. पहिल्या दहा पावलांत तळव्याला पातळ थर बसतो. त्या थराला दुसरा चिकटतो, त्यात तुरीचा पाला, गवताच्या काड्या, बाभळीच्या शेंगा मिसळतात, आणि शंभर पावलांत बुटाच्या दीडपट रुंद गोळा प्रत्येक पायाला होतो. पाय उचलला की गोळा उचलतो, टेकला की घसरतो. काठीने खरवडायचं, दहा पावलं, पुन्हा खरवडायचं. माझ्या जावेच्या जाळीदार महागड्या बुटाचा तळवा अर्ध्या वाटेत पुढून सुटला. पुढची सगळी वाट तिने ओढणीची पट्टी फाडून बुटाला बांधून काढली. एकदाही तक्रार केली नाही. तक्रार मी करते आहे, तिच्या वतीने, आणि ज्यांनी थंडीत एकदाही या वाटेने न जाता ‘मस्त आहे, जा’ म्हणून सांगितलं त्यांच्याविरुद्ध करते आहे.

दीड किलोमीटरला तासाच्या वर लागला.

“मग धुऱ्यावरून का नाही गेल्या?” हा प्रश्न येणार. धुऱ्यावरून जाऊ नका. याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते थकव्यातून आलेलं नाही. शेताच्या कडेला रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांच्यासाठी तार लावलेली असते. बहुतेक ठिकाणी झटका मशीन असतं, बॅटरीवर किंवा सोलरवर चालणारं. त्याने जोराचा धक्का बसतो, जीव जात नाही. पण काही ठिकाणी चोरून थेट विजेच्या लाइनीवरून तारेत प्रवाह सोडलेला असतो. तो बेकायदेशीर आहे आणि तो मारतो. जनावरं मरतात, परक्या शेतातून जाणारी माणसं मरतात, कधी तार लावणारा स्वतःच मरतो. विदर्भातल्या कोणत्याही जिल्ह्याचं वर्तमानपत्र वर्षभर वाचा, बातमी सापडेल. तार बघून कोणती कुठली हे ओळखता येत नाही, धुईत तर तार दिसतसुद्धा नाही. तोल गेला म्हणून हात टेकायला आपण नेमकं तारेकडेच जातो. म्हणून: उजाडल्याशिवाय पांदणीत शिरायचं नाही, चिखल कितीही असला तरी मधोमध चालायचं, तार ओलांडायची नाही, खालून सरकायचं नाही, काठीनेही उचलायची नाही. बरोबर लहान मूल असेल तर ही वाट घेऊच नका. मोठ्यांसाठी ती त्रासाची आहे, मुलांसाठी धोक्याची.

सापांचंही थोडं सांगते. थंडीत साप नसतात हा समज शहरातला. घोणस याच दिवसांत जास्त दिसते, हा तिचा मिलनाचा काळ असतो, आणि सकाळी ऊन खायला ती धुऱ्यावर किंवा वाटेच्या कडेला वेटोळं करून पडलेली असते, सुस्त. वाळलेल्या पाल्यात पाय टाकण्याआधी काठी आपटा. काही झालंच तर १०८ ला फोन करा आणि थेट सेवाग्रामचा दवाखाना गाठा. मधे कुणाकडे झाडपाला किंवा मंत्र करायला थांबू नका, चिरा देऊ नका, आवळून बांधू नका.

वाघाचंही विचारतील. बोर व्याघ्र प्रकल्प आमच्याच जिल्ह्यात आहे आणि वाघाला प्रकल्पाची हद्द वाचता येत नाही, तेव्हा वनविभागाने परिसरात सूचना दिली असेल तर त्या आठवड्यात जाऊ नका. एरवी या वाटेवर जपायचं ते रानडुकरापासून. पहाटे ती पिकातून परत फिरतात. दोघींनी बोलत चाललं, मोठ्याने चाललं, की ती आधीच बाजूला होतात. कानात इअरफोन घालून एकट्याने या पांदणीतून जाणं मला अजिबात मान्य नाही.

आता उपाय. टपरीवर चहा घेताना विचारा, “लाइन कवाची हाय?” रात्रीची असेल तर पांदण सोडा आणि डांबरी रस्त्याने वळसा घाला, तीन-चार किलोमीटर वाढतील पण घरी बुटांसकट याल. दिवसाची असेल तरी दोन-तीन दिवस आधी रात्रीची होती का ते विचारा, कारण ही माती एका उन्हात वाळत नाही. ज्यांच्याकडे सोलर पंप आले आहेत ते दिवसा ओलवतात, त्यांच्या शेतांजवळचा तुकडा सकाळी बरा असतो, दुपारी वाईट. म्हणजे परतीला हीच पांदण धरायची कल्पना मनातून काढून टाका. गव्हाला पाच-सहा वेळा पाणी लागतं, साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी ही वाट पूर्ण कोरडी सापडेल अशी आशा धरू नका. हरभरा सोंगून झाला की वाट मोकळी होते, पण तोवर थंडी संपलेली असते.

बूट: जाळीचे नकोत, खोल नक्षीच्या तळव्याचे ट्रेकिंगचे तर मुळीच नकोत, त्या खाचांमध्ये माती बसली की निघतच नाही. आठवडी बाजारात शेतमजूर घालतात ते घोट्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे बूट दोन-अडीचशे रुपयांत मिळतात. कुरूप दिसतात. या वाटेसाठी त्यांच्याइतकं योग्य पायताण दुसरं नाही, चिखल एका फटक्यात सुटतो. अनवाणी जाऊ नका, बाभळीचा काटा तळव्यात मोडला की सुईने काढावा लागतो आणि गोखरू टाचेत रुततो. कोरडे मोजे पिशवीत ठेवा. बांबूची काठी घरूनच न्या, वाटेत तुराटी उचलली तर ती पहिल्या खरवडण्यात मोडते.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्याहून चालत शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. एप्रिल होता, ही जमीन तेव्हा वाळलेली असणार. पुढे पावसाळ्यात त्यांना भेटायला येणाऱ्यांना गुडघाभर चिखल तुडवत यावं लागे, हे त्या काळच्या आठवणींतून ठिकठिकाणी येतं. आज जगभरातून माणसं सेवाग्राम बघायला येतात, आणि तिथून हाकेच्या अंतरावरचा शेतकरी रोज त्याच चिखलातून कापसाची बंडी काढतो. आम्ही एक सकाळ त्या वाटेने गेलो आणि हैराण झालो. त्यांची मुलं शाळेला त्याच वाटेने जातात. बाळंतीण त्याच वाटेने दवाखान्यात न्यावी लागते. मुरूम दोनशे पावलांवर संपवून फलकावर काम पूर्ण लिहिणाऱ्यांनी एकदा पहाटे इथून चालून दाखवावं. ज्या गावकऱ्यांची वाट कोणी अडवली असेल त्यांनी तहसीलदारांकडे अर्ज करावा, मामलतदार न्यायालय कायदा १९०६ चं कलम ५ त्यासाठीच आहे. अडवलेली वाट त्याने मोकळी करून घेता येते.

पांदण संपली की वाट सोपी आहे. रेल्वेखालच्या बोगद्यातूनच पलीकडे जा, त्यात पाणी साचलेलं असलं तरी. रुळावरून शॉर्टकट मारणारे दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका, या लाइनवर गाड्या एकामागून एक असतात आणि धुईत इंजिन अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्यानंतर महामार्ग. महामार्गाचा तुकडा लहान आहे आणि वाईट आहे. कापसाने फुगलेले ट्रक अंगावरून जातात. उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला आणि फोटो काढायला थांबू नका.

आणि मग धाम. मी वर एवढं रागाने लिहिलं आहे, तरी हे लिहायला हवं: पुलाजवळ पोचलो, ऊन वर आलं होतं, नदीच्या काळ्या खडकांमधून पाणी चमकत होतं आणि आम्ही दोघी न बोलता एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलो. मी या नदीवरून शेकडो वेळा बसने गेले असेन. पायी आल्यावर ती वेगळी दिसते. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सगळ्यांनी यावं, पांदणीतूनच यावं. आता घरी बसून तसं म्हणणार नाही, पण त्या वेळी वाटलं ते खोटं नव्हतं.

विनोबा १९३८ साली इथे आले ते प्रकृती पार ढासळलेली असताना, मोटारीने. मग ते इथे रोज थोडं थोडं शेत खणू लागले आणि प्रकृती सुधारली. त्या खणण्यात जुनी शिल्पं निघाली, भरत-राम भेटीचं शिल्प त्यातलंच, ते आश्रमात आहे. ते नीट वेळ देऊन बघा. १९५९ मध्ये त्यांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बहिणींचा समुदाय, त्या स्वतः शेती करतात, स्वयंपाक करतात, सामुदायिक प्रार्थना करतात. १५ नोव्हेंबर १९८२ ला विनोबांनी इथेच देह ठेवला, समाधी आहे. हे राहतं घर आहे, सहलीची जागा नाही. चिखलाच्या बुटांनी पायरीवर जाऊ नका, ते बाहेर बाजूला काढा आणि पाय धुऊन आत जा. आम्ही तेच केलं. एका बहिणींनी आमच्या बुटांकडे बघितलं, काही विचारलं नाही, पाण्याची बादली दाखवली.

नदीत उतरू नका. खडकांवर शेवाळ आहे आणि मधे डोह आहेत. नदीपात्रात जिथे गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या तिथे स्मारक आहे, दर वर्षी १२ फेब्रुवारीला तिथे मेळा भरतो. त्या दिवशी गर्दी असते, ज्यांना शांतता हवी त्यांनी तो दिवस टाळावा.

सेवाग्रामपासून महामार्गापर्यंत स्वच्छतागृह एकही नाही, बायकांनी निघण्याआधीच ते लक्षात घ्यावं.

परतीचं भाडं. महामार्गावर एका ऑटोवाल्याने सेवाग्रामचे चारशे रुपये सांगितले. चिखलाने माखलेले कपडे बघून सांगितले हे स्पष्ट होतं, कारण आमच्या आधी उभ्या असलेल्या दोन मुलांना त्याने बरंच कमी सांगितलेलं मी ऐकलं होतं. देऊ नका. रस्ता ओलांडून थांब्यावर उभं राहा. वर्ध्याकडे जाणाऱ्या साध्या एसटी थांबतात, जलद थांबतीलच असं नाही, हात दाखवत राहा. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, आधार कार्ड जवळ असू द्या. वर्ध्याला उतरून सेवाग्रामची गाडी लगेच मिळते. आम्ही दोघी चारशेच्या जागी फार थोड्या पैशांत घरी आलो आणि उरलेल्या पैशांतून वर्ध्यात गोरसपाक घेतला, तो त्या दिवशी मला आयुष्यातला सगळ्यात चांगला लागला. कंडक्टरने चिखलावरून काही म्हटलं नाही, पण सीटवर टाकायला जुनं वर्तमानपत्र आपणच न्यावं, पुढच्या प्रवाशाचे कपडे खराब होतात.

संक्रांतीनंतर आम्ही पुन्हा जाणार आहोत. आदल्या संध्याकाळी टपरीवर विचारू. लाइन दिवसाची असेल तर पांदणीने, रात्रीची असेल तर डांबरी रस्त्याने. जाऊबाईंसाठी प्लॅस्टिकचे बूट शनिवारच्या बाजारातून आणले आहेत. कोणाला बरोबर यायचं असेल त्यांनी या, पावणेसहाला दवाखान्याजवळच्या टपरीवर, काठी आणि कोरडे मोजे घेऊन.